जुना ट्रक घ्यायचाय, मागे १४ हजार पौंडांचं फिफ्थ व्हील. कुठला घेऊ?

रानोमाळ
मंडळी नमस्कार. घरात सध्या दुसरा विषयच नाही, म्हणून शेवटी इथे धागा काढतोय.

आम्ही डॅलसजवळ राहतो. मी, बायको, दोन मुलं (१३ आणि ९) आणि एक लॅब्रॅडोर. पुढच्या जूनपासून घर भाड्याने देऊन वर्षभर आरव्हीतून अमेरिका हिंडायचं ठरलंय. दोघांचंही काम घरूनच असतं, मुलांची शाळा वर्षभर घरीच घेणार. ट्रेलर पक्का झालाय. ३६ फुटी फिफ्थ व्हील (ट्रकच्या हौद्यात जोडायचा ट्रेलर), मागे मुलांच्या बंकची खोली, पुढे आमची. रिकामं वजन ११,३०० पौंड, जीव्हीडब्ल्यूआर (भरल्यावरच्या एकूण वजनाची मर्यादा) १४,०००, माहितीपत्रकात हिच वेट (ट्रकवर येणारा भार) २,१००.

आता ट्रक. बजेट ४५ हजार डॉलर, म्हणजे जुनाच. तीन बघून ठेवलेत:

२०१९ रॅम २५००, कमिन्स डिझेल, लॅरेमी मॉडेल, शॉर्ट बेड (आखूड हौदा), ७८ हजार मैल.
२०१७ फोर्ड एफ-३५०, ६.७ डिझेल, मागे साधी दोन चाकं, लाँग बेड, ९५ हजार मैल.
२०१८ एफ-३५० ड्युअली, म्हणजे मागे चार चाकं, तेच इंजिन, १ लाख १८ हजार मैल.

माझं मन रॅमवर आहे. सेल्समन म्हणाला, हा १७ हजारांच्या वर ओढतो, तुमचं १४ म्हणजे किरकोळ. इंजिनातलं मला फारसं कळत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चिंगी
पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. मुलांना शाळा नाही, वर आई-बाबांचं वायफाय. मजा आहे बुवा.

घाटवाट
ट्रक ओढेल का, हे सेल्समनने सांगितलं. ते बरोबरच आहे, ओढेल. पण फिफ्थ व्हीलला पहिला प्रश्न तो नसतो. ट्रकच्या पाठीवर किती बसणार, हा असतो.

फिफ्थ व्हील बंपरला जोडत नाहीत. त्याची किंगपिन (ट्रेलरच्या नाकाखालची जाड लोखंडी खुंटी) ट्रकच्या हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या डोक्यावर किंवा जरा पुढे बसते. ट्रेलरच्या भरलेल्या वजनापैकी २० ते २५ टक्के भार तिथून सरळ ट्रकवर उतरतो. माहितीपत्रकातला २,१०० हा आकडा विसरा, तो रिकाम्या ट्रेलरचा असतो. त्यात तुमचे कपडे नाहीत, भांडी नाहीत, बॅटऱ्या नाहीत.

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर स्टिकर असेल, 'माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर नको' अशा अर्थाचं. तिन्ही ट्रकांचे ते आकडे इथे टाका, मग बोलू.

कोल्हापुरी_तडका
भावा, आमच्याकडं या सीझनला. ट्रॅक्टरमागं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, चढाला पुढची चाकं वर उचलत्यात आणि ड्रायव्हर नुसत्या मागच्या ब्रेकवर वळवत जातोय. डेकवर गाणी फुल्ल. स्टिकर कुठलं आणि खांब कुठला. नाद खुळा!

घाटवाट
@कोल्हापुरी_तडका, हसून हसून पुरेवाट. पण पुढची चाकं उचलतात ते पिनवरच्या भाराचंच लक्षण आहे की. मागच्या आसावर नको इतकं पडलं म्हणजे स्टिअरिंग हलकं होतं. इथे तेच ताशी ६५ मैलांवर होतं.

पुणेरी_पाटी
आली का हिशेबाची वही बाहेर? माझा मित्र पाऊण टनी ट्रकने (२५०० म्हणजे पाऊण टनी, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी) १५ हजारांचं फिफ्थ व्हील कित्येक वर्षं ओढतोय. मागच्या स्प्रिंगला एअरबॅग (हवेच्या पिशव्या) टाकल्या, ट्रक सपाट उभा राहतो, विषय संपला. आकडे वकिलांसाठी असतात.

रानोमाळ
धावत जाऊन बघून आलो. रॅम: २,०५०. एफ-३५० सिंगल: ३,६२०. ड्युअलीवर तसं स्टिकर सापडलं नाही, नुसतं जीव्हीडब्ल्यूआर १४,००० असं लेबल आहे. रॅमचा आकडा इतका कमी कसा? चूक तर नाही ना?

घाटवाट
चूक नाही. २५०० डिझेलचा जीव्हीडब्ल्यूआर १०,००० पौंडांवर धरलेला असतो. कमिन्ससारखं वजनदार लोखंडी इंजिन, चार दारं, फोर बाय फोर, चामड्याच्या खुर्च्या, सनरूफ, या सगळ्यांतच आठ हजारांच्या आसपास जातात. उरतात दोन. जितका ट्रक नटवा, तितका पेलोड (पाठीवर पेलायची क्षमता) कमी. वर २०१४ पासून रॅम २५०० ला मागे कॉइल स्प्रिंग आहेत. रिकामा असताना गाडी छान चालते, पण पिनचा भार आला की बसते. ३५०० ला पाट्यांचे स्प्रिंगच आहेत.

ड्युअलीला स्टिकर नाही, कारण १०,००० च्या वरच्या गाड्यांना ते सक्तीचं नाही. अशा वेळी ट्रक टाकी भरून वजनकाट्यावर न्यायचा आणि जीव्हीडब्ल्यूआरमधून ते वजन वजा करायचं. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलची पाटी असते, थोड्या डॉलरांत चिठ्ठी मिळते.

आता तुमचं गणित. १४,००० चे २२ टक्के धरले तर ३,०८०. हिच (हौद्यातला जोडणीचा सांगाडा) १८०. चौघं मिळून ५००. लॅब्रॅडोर ७०. हौद्यात हत्यारं, ठोकळे, पाण्याचे पाइप असे १००. झाले ३,९३०.

रॅम जवळजवळ १,९०० ने कमी पडतो. सिंगल एफ-३५० तीनशेने. @पुणेरी_पाटी, एअरबॅगने ट्रक सपाट दिसतो, एवढंच. ॲक्सल तोच, बेअरिंग तीच, टायर तेच. १० प्लाय टायरची क्षमता त्याच्या कडेवर छापलेली असते, ती वाचायला वकील लागत नाही.

पुणेरी_पाटी
टायरवर वाचायला चष्मा लागतो. तो आणून मग उत्तर देतो.

डिझेलभाऊ
मी ओहायोमध्ये, मूळचा वर्ध्याचा. ट्रक दुरुस्तीच्या धंद्यात आहे म्हणून लिहितो. पेलोडचं घाटवाटने सांगितलं ते बरोबर, त्यात बोलायचं काही राहिलं नाही. इंजिनाचं मी सांगतो, कारण लोक इथेच फसतात. 'डिझेल आहे ना, मग पाच लाख मैल जाईल.' अन् कोणतं डिझेल, कोणत्या सालचं, हे विचारत नाहीत.

फोर्ड. जुनं ७.३ (२००३ पर्यंतचं) दणकट होतं, पण आता ते शौकिनांचं झालं, तुमच्या वजनाला ताकदही कमी. ६.०, साल २००३ ते २००७: ईजीआर (धूर इंजिनात परत फिरवायची यंत्रणा) कूलर, हेड गॅस्केट यांचा त्रास. स्वस्तात मिळतं त्याला कारण आहे. ६.४, साल २००८ ते २०१०: त्याच्या वाटेलाच जाऊ नका. ६.७ हे २०११ पासून, फोर्डचं स्वतःचं. पहिल्या काही वर्षांत टर्बोच्या तक्रारी होत्या, २०१५ ला टर्बो बदलला. तुमचे दोन्ही त्यानंतरचे, म्हणून हे बरं. त्यातला नाजूक भाग एकच, सीपी४ नावाचा हाय प्रेशर पंप. डिझेलमध्ये पाणी आलं किंवा वंगण कमी पडलं की तो आतून झिजतो, लोखंडाचा चुरा इंजेक्टरपर्यंत जातो, अन् मग पूर्ण फ्युएल सिस्टीम बदलावी लागते. खर्च पाच आकडी येऊ शकतो. उपाय: फिल्टर वेळेत बदला, वॉटर सेपरेटरमधून पाणी काढत जा, अन् आडगावच्या पंपावर डिझेल भरू नका.

जीएम (शेव्हरोले, जीएमसी). २००१ ते २००४ चं एलबी७, इंजेक्टरचा त्रास. २००६-०७ चं एलबीझेड लोक देव्हाऱ्यात ठेवतात. २०११ ते २०१६ च्या एलएमएलमध्ये तोच सीपी४. २०१७ पासूनच्या एल५पीमध्ये पंप डेन्सोचा, ती भीती गेली. गिअरबॉक्स ॲलिसन, त्याबद्दल कोणी वाईट बोलत नाही. धागाकर्त्याने जीएमचा एकही बघितला नाही, बघायला पाहिजे होता.

रॅम. कमिन्स हे सहा सिलिंडरचं सरळ इंजिन, हात घालायला सोपं. पण २०१९ अन् २०२० या दोन वर्षांत त्यांनी सीपी३ पंप काढून सीपी४ टाकला, मग २०२१ मध्ये त्या गाड्या रिकॉल केल्या अन् पुन्हा सीपी३ वर आले. म्हणजे तुम्हाला आवडलेला २०१९ चा त्यातलाच. रिकॉलचं काम झालंय का ते व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून बघता येतं. शिवाय इनटेकमध्ये हवा गरम करायची जाळी असते, तिचा बोल्ट जळून सुटतो अन् थेट सिलिंडरमध्ये जातो. तो आधीच बदलायचं किट मिळतं. गिअरबॉक्स २५०० ला ६८आरएफई. जड ओढायला ३५०० मधला आयसिन चांगला, तोसुद्धा हाय आउटपुट (जास्त ताकदीच्या) इंजिनाबरोबरचाच.

अजून एक. 'डिलीट' केलेला ट्रक कोणी स्वस्तात दिला तर घेऊ नका. डीपीएफ (धुरातल्या काजळीचा फिल्टर), ईजीआर काढून टाकलेले असतात. केंद्राच्या क्लीन एअर ॲक्टखाली ते बेकायदा आहे, कॅलिफोर्नियात तर १९९८ अन् त्यानंतरच्या डिझेलची स्मॉग तपासणी होते. विकणारा सांगेल, 'मायलेज वाढतं भाऊ.' वाढत असेल. पण नंतर तो ट्रक विकायचा कोणाला?

चिंगी
वाचनखूण साठवली. ट्रक घ्यायचा नाहीये, तरी साठवली.

गॅसवाला_गणू
सगळे डिझेलच्याच मागे का? सीपी४, डेफ (युरियाचं द्रावण), डीपीएफ, टर्बो, एवढं ऐकून मला तर धाप लागली. फोर्डचं ७.३ गॅस इंजिन (२०२० पासूनचं, जुन्या ७.३ डिझेलशी त्याचा संबंध नाही) साधं पुशरॉड व्ही८ आहे. युरिया नाही, काजळीचा फिल्टर नाही. इंजिन हलकं म्हणून पेलोड उलट जास्त मिळतो. वर्षभर हिंडायचं आणि मग विकून टाकायचं असेल तर डिझेलचे जादा पैसे वसूल कधी होणार?

रॉकीजवासी
गणूशेठ, टेक्सासच्या सपाटीवर तुमचं पटतं. पण हे लोक कोलोराडोला येणार, मुलं आहेत म्हटल्यावर येणारच. आय-७० हायवेवरचा आयझेनहॉवर बोगदा ११ हजार फुटांच्या वर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. म्हणजे बोगद्यापाशी एक तृतीयांश गेलीच. ट्रक चढेल, चार हजार आरपीएमवर किंचाळत, उजव्या लेनमधून.

पण मला चढाची चिंता नाही, चढ म्हणजे फक्त वेळ जातो. उतार वाईट. बोगद्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन्मैल सहा-सात टक्क्यांचा उतार. मागे १४ हजार, आणि नुसता ब्रेकवर पाय, तर खाली येईपर्यंत ब्रेकचा वास येतो. डिझेलला एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनानेच वेग आवरणारा) असतो. तो लावून गिअर खाली घेतला की ट्रक ब्रेकला पाय न लावता ४५ ला धरून उतरतो. तुम्ही बघितलेल्या फोर्डांना त्याचं बटण आहे, जुन्यांत टो-हॉल मोडमध्ये (ओझं ओढायच्या सेटिंगमध्ये) आपोआप व्हायचं. रॅमला २००७ च्या ६.७ पासूनच आहे. जीएमला २०११ पासून.

ट्रायल घेताना हे बटण दाबून बघा. लोक ट्रायलला स्टिरिओ लावून बघतात.

घाटसुंदरी
खंबाटकीला आमचे बाबा म्हणायचे, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. इथे त्यालाच बटण लावून हजार डॉलर वाढवलेत.

रॉकीजवासी
बाबांना दंडवत.

सईची_आई
इतका वेळ नुसती वाचत होते. आमच्याकडे ड्युअली आहे, फिफ्थ व्हील ४० फुटी, आणि ट्रक जास्त करून मीच चालवते. नवऱ्याला मागे घ्यायला जमत नाही (तो हा धागा वाचत नाही).

ड्युअलीचा जाच आधी सांगते. मागचे फेंडर बाहेर आलेले असतात, त्यामुळे ड्राइव्ह-थ्रूमध्ये कॉफी घेताना कंबरेपर्यंत खिडकीबाहेर यावं लागतं. ऑटोमॅटिक कार वॉशमध्ये घेत नाहीत. पटेल ब्रदर्सच्या (देशी वाणसामानाचं दुकान) पार्किंगमध्ये शनिवारी संध्याकाळी नेऊ नये, लोक आशेने बघत उभे राहतात आणि तुम्ही दोन जागा खाता. टायर सहा, म्हणजे बिलही सहाचं. रिकामा असताना बर्फात मागून घसरतो.

आता दुसरी बाजू. वायोमिंगमधला आय-८० ज्यांनी पाहिलाय त्यांना वारा म्हणजे काय ते माहीत आहे. फिफ्थ व्हील तेरा फूट उंच, बाजूने भिंतच. पूर्वीच्या सिंगल चाकांच्या ट्रकवर असा झोत आला की ट्रक कमरेतून हलायचा आणि माझे हात स्टिअरिंगवर गोठायचे. ड्युअलीवर ट्रेलर हलतो, ट्रक नाही. आणि मागचा एक टायर फुटला तर बाजूचा असतो. मुलं मागे बसलेली असताना मला तेवढं पुरे आहे.

एका ट्रकने रोजचं ऑफिसही करायचं असेल तर ड्युअली घेऊ नका. पण तुम्ही तर वर्षभर त्यावरच राहणार. ड्युअलीच घ्या.

पुणेरी_पाटी
चष्मा मिळाला. टायरवर वाचलं. काही काळ मौन.

उरणकर
मी न्हावाशेवाला कंटेनर ट्रेलरच्या लाइनीत आहे. आमच्या घोड्याला (पुढच्या ओढणाऱ्या ट्रकला) पण हीच फिफ्थ व्हील आणि हीच किंगपिन, फक्त माल ४० फुटी डब्यात. तुमचं बघून बरं वाटलं. दोन गोष्टी सांगतो, त्या कुठेही लागू.

जोडल्यावर जबडा पिनभोवती खरंच बंद झालाय का, हे खाली वाकून बॅटरीने बघायचं. मग ट्रेलरचे पाय (लँडिंग गिअर) जमिनीला टेकलेले असतानाच, ट्रेलरचा ब्रेक लावून ट्रक जरासा पुढे ओढून बघायचा. सुटायचं असेल तर तिथेच सुटू दे. पिन उंच राहिली तर जबडा वरवर लागल्यासारखा दिसतो आणि पहिल्या खड्ड्याला ट्रेलर हौद्यात येऊन बसतो. आमच्याकडे नवा पोरगा आला की पहिले हेच शिकवतात.

दुसरं, प्लेटला ग्रीस. नसेल तर वळताना कुरकुरतं आणि पिन झिजते.

रानोमाळ
उरणकर, हे प्रिंट काढून डॅशबोर्डवर चिकटवतो. सईची आई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, या बाईंचा फोन नंबर घे.

एक शंका. शॉर्ट बेडवर फिफ्थ व्हील लागतच नाही का? रॅम गेल्यात जमा आहे, पण माहिती म्हणून.

घाटवाट
लागतं. साडेसहा फुटी हौद्यात काटकोनात वळताना ट्रेलरचं नाक केबिनच्या मागच्या काचेला भिडू शकतं, म्हणून सरकणारी हिच लावतात. वळताना ती मागे सरकते. हल्लीच्या ट्रेलरची नाकं कोपऱ्यात कापलेली असतात, त्यामुळे थोडी मोकळीक मिळते. पण सरकत्या हिचचं वजनही जास्त, आणि तेही पेलोडमधूनच जाणार. आठ फुटी हौदा असेल तर ही भानगड नाही.

लायसन्सवाले_काका
सगळे ट्रकवर तुटून पडलेत, लायसन्सचं कोणी बोलतच नाही. रानोमाळ, तुम्ही टेक्सासचे ना? ड्युअलीचा जीव्हीडब्ल्यूआर १४,०००, ट्रेलरचा १४,०००. बेरीज २८,०००. टेक्सासमध्ये जोडगाडीची ही बेरीज २६,००० च्या वर गेली आणि ट्रेलर १०,००० च्या वरचा असला तर साधं क्लास सी चालत नाही, क्लास ए लागतं. स्वतःच्या आरव्हीसाठी कमर्शियल नको, नॉन-कमर्शियल क्लास ए पुरतं. लेखी परीक्षा आणि गाडी चालवून दाखवायची परीक्षा, दोन्ही आहेत.

सिंगल एफ-३५० चा जीव्हीडब्ल्यूआर साडेअकरा हजार असेल तर बेरीज २५,५००. तिथे साधं लायसन्स चालतं.

कॅलिफोर्नियाचे नियम वेगळे. तिथे फिफ्थ व्हील १५,००० च्या वर गेलं की नॉन-कमर्शियल क्लास ए, आणि १० ते १५ हजारांच्या मध्ये असेल तर साध्या लायसन्सवर एंडोर्समेंट.

रानोमाळ
काका!! हे तर सेल्समन, बँक, विमा एजंट, कोणीच बोललं नाही. म्हणजे सिंगल घेतला तर पेलोड तीनशेने कमी, ड्युअली घेतला तर मला या वयात परीक्षा?

पुणेरी_पाटी
मौन सोडतो. तीनशे पौंडांचंच असेल तर लॅब्रॅडोर आणि सासूबाई मागून विमानाने.

रानोमाळ
सासूबाई येतच नाहीयेत. त्यांनी ट्रेलरचं बाथरूम पाहिलंय.

घाटसुंदरी
तीनशे कमी करता येतील की. प्रवासात पाण्याची टाकी रिकामी ठेवा. साठ गॅलन म्हणजे पाचशे पौंड होतात.

घाटवाट
टाकी कुठे आहे त्यावर आहे. ॲक्सलच्या वर असेल तर पिनवर फार फरक पडत नाही, मागे असेल तर रिकामी केल्यावर पिन उलट जड होते. फिफ्थ व्हीलचं मोठं कपाट, बॅटऱ्या, जनरेटरची जागा हे सगळं पुढे असतं, त्यामुळे सामान भरत जाल तशी पिन वाढत जाते, कमी होत नाही. आणि वर्षभर राहायचं म्हणजे सामान वाढणारच. मराठी घर आहे. कुकर दोन, तवे तीन, पुरणयंत्र.

सईची_आई
पुरणयंत्राला काही बोलायचं नाही. आमच्याकडे बीडाचा तवासुद्धा आहे. ट्रकची पूजा करून, टायरखाली लिंबं ठेवून निघालो होतो, शेजारचा अमेरिकन आजोबा विचारायला आला की लिंबाने टायरचं प्रेशर टिकतं का.

कोल्हापुरी_तडका
त्याला काय सांगितलं मग?

सईची_आई
'हो' म्हटलं. पुढच्या वेळी त्याच्या टायरखालीही होती.

डिझेलभाऊ
हा हा. बरं, ड्युअली बघायला जाल तेव्हा हे बघा. फोर्डच्या डॅशमध्ये इंजिन अवर्स अन् आयडल अवर्स दिसतात. मैल भागिले तास करा. हायवेवर चाललेल्या ट्रकचा आकडा ३५-४० च्या वर येतो. वीसच्या आसपास आला तर तो कुठल्या तरी साइटवर दिवसभर एसी लावून उभा होता, डीपीएफ अन् ईजीआर काजळीने भरलेलं असणार. एक लाख मैलांचा हायवेवाला ट्रक पन्नास हजारांच्या साइटवाल्यापेक्षा मी आधी घेईन.

ओहायो, मिशिगनकडचा ट्रक असेल तर खाली झोपून फ्रेम बघा. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. बॉडी ॲल्युमिनियमची आहे (फोर्ड सुपर ड्युटीची, म्हणजे एफ-२५०, एफ-३५० यांची, २०१७ पासून), ती चकचकीत राहते, पण फ्रेम, ब्रेकचे पाइप, लोखंडाचंच सगळं. तुम्ही टेक्सासमध्ये आहात, तर टेक्सास-ॲरिझोनाचाच घ्या.

हौद्यात हिचचे रेल किंवा चार गोल खोबणी असतील तर आधीच्याने काहीतरी जड ओढलंय. ते वाईट नाही. गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं त्याची पावती मागा. फोर बाय फोर असेल तर पुढचा आख सॉलिड आहे, सुपर ड्युटीलाही अन् रॅमलाही, त्यामुळे साठच्या पुढे खड्ड्यावरून जाऊन बघा. स्टिअरिंग थडथडलं तर बुश, बॉल जॉइंट, डॅम्पर बघावं लागेल. अन् थंड इंजिनवर जा. विकणाऱ्याने आधीच सुरू करून गरम ठेवला असेल तर चहा पीत बसा, थंड होऊ द्या.

गॅसवाला_गणू
माझं ७.३ कोणीच विचारात घेतलं नाही, नोंद असावी.

रॉकीजवासी
नोंद घेतली. बोगद्यापाशी भेटू, तुमची वाट बघतो.

रानोमाळ
उशिरा आलो, माफी. ड्युअली घेतला. तासांचा हिशेब ४१ आला, फ्रेम कोरडी, गिअरबॉक्स ऑइलची पावती होती. थडथड नाही. थोडी घासाघीस करून बजेटच्या आत बसला, उरलेल्यात सहा नवे टायर.

क्लास एची लेखी परीक्षा झाली. चालवायच्या परीक्षेला आपलीच गाडी न्यायची, आणि तोवर सोबत क्लास एवाला बसायला हवा. ह्यूस्टनचा एक मायाळू सभासद (नाव नको म्हणाला) शनिवार-रविवार येऊन बसला. पास झालो. बायकोही देणार आहे, सईची आईंशी फोनवर बोलल्यापासून ती ऐकत नाही.

काल सगळं सामान, माणसं, कुत्रा भरून वजनकाट्यावर गेलो. नुसता ट्रक: पुढचा ॲक्सल ५,०२०, मागचा ४,३४०. ट्रेलर जोडून: पुढचा ५,०८०, मागचा ७,३००, ट्रेलरचे ॲक्सल १०,३६०. हे बरं आहे की वाईट, कोणी सांगेल का?

घाटवाट
छान आहे. नुसता ट्रक ९,३६०, जोडल्यावर १२,३८०. फरक ३,०२०, तीच तुमची पिन. ट्रेलर एकूण १३,३८०, म्हणजे पिन साडेबावीस टक्के. ट्रकच्या १४,००० मध्ये अजून १,६२० शिल्लक. पुढचा ॲक्सल जोडल्यावर हलका झाला नाही, किंचित वाढला, म्हणजे हिच योग्य जागी बसलीय. हेच सिंगल एफ-३५० वर केलं असतं तर अडीचशेने वर गेला असता.

ट्रेलरच्या मर्यादेला मात्र सहाशेच उरलेत. पुरणयंत्रानंतर आता काही घेऊ नका.

डिझेलभाऊ
ट्रेलरच्या टायरवरची तारीख बघितली का? टायरच्या कडेवर डीओटी नावाचा कोड असतो, त्याच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल. नवा ट्रेलर असला तरी टायर आधीचे असू शकतात. अन् ड्युअलीच्या आतल्या चाकांत हवा भरायला व्हॉल्व्हला लांब नळी घ्या, नाहीतर लोक आतल्याची हवा बघतच नाहीत.

रानोमाळ
ट्रेलरवर ३१२२ आहे. नळी आजच मागवतो. एका ठिकाणी स्टीलची आणि एका ठिकाणी रबराची दिसतेय, कुठली?

डिझेलभाऊ
स्टीलची. रबराची फाटते.